मामाची रम, आईची डाळ

आमच्या चिंचवडच्या घरात मागच्या खोलीत तिघं मान्यवर राहत असत: लोणच्याच्या बरण्या, ज्वारीची कणगी आणि मामाचं पिंप. बरण्यांना ओला हात चालत नसे, कणगीला उंदीर चालत नसत आणि पिंपाला, मामाच्या म्हणण्याप्रमाणे, आईचं तोंड चालत नसे. आई त्या पिंपाला जन्मात हात लावणार नव्हती. पण आपल्या घरात एखादी वस्तू धूळ खात पडलेली तिला बघवतही नसे. मग ती एका काठीला फडकं गुंडाळायची, पदर नाकाशी धरायची आणि दोन हात लांबून, सापाला खेळवावं तसं ते पिंप पुसून काढायची. पुसता पुसता त्याच्याशी बोलायची. "मेल्या, कवा रिकामा व्हशील रं तू? तुझ्यात मी बाजरी भरीन." पिंप गप्प राहायचं. पडवीत दाढी करत बसलेला मामा तेवढा खाकरायचा.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. माझे वडील मी पाटी धरायच्या आधीच गेले, आणि लष्करातून पेन्शन घेऊन आलेला हा बिनलग्नाचा भाऊ बहिणीच्या घरी एक ट्रंक, एक घोंगडी आणि एक पिंप घेऊन उतरला तो कायमचा. पलटणीत तो मेसचा हवालदार होता. लढाईत त्यानं कुणाला मारलं की नाही हे आम्हांला कधी कळलं नाही. पण साहेबांच्या पेल्यात रम कशी पडावी, या विषयावर तो तासन् तास बोलू शकत असे. तो निवृत्त होताना त्याच्या मेजरसाहेबांनी खूश होऊन मेसमधलं एक लहानसं, जुन्या लाकडाचं, अर्धंअधिक भरलेलं पिंप त्याला बक्षीस दिलं होतं. आतली रम पाणी न घातलेली, मूळची कडक. एक थेंब जिभेवर ठेवला तर पुढचा तासभर ती जीभ दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. (मला कसं माहीत, हे विचारू नका.) तेव्हा दारूबंदी होती. मामाकडे डॉक्टरच्या दाखल्यावर मिळालेलं परमिट होतं. त्यात औषधापुरती घ्यायची मुभा लिहिलेली होती, पिंपाचा उल्लेख कुठेच नव्हता. "नाव न्हाई म्हंजे मनाई न्हाई," असा मामाचा कायदा होता, आणि आमच्या आळीत त्याच्याहून मोठा वकील नव्हता.

आता त्या कडक रमेत पाणी घालून ती पिण्याजोगी करणं हे तुम्हांला पोरखेळ वाटत असेल. मलाही वाटायचं, म्हणून तर हे प्रकरण लिहावं लागतंय. मामा ते काम एखादी मुंज लावल्यासारखं करायचा. पावसाळ्यात, पहिले काही पाऊस कौलं आणि आभाळ धुऊन गेले की तो अंगणाच्या मधोमध, वर काही नाही अशा जागी, एक धुतलेलं धोतर चार खुंट्यांना ताणून बांधायचा आणि त्याखाली घागर ठेवायचा. ते गाळून उतरलेलं पाणी चिनीमातीच्या मोठ्या बरणीत वर्षभर जपून ठेवलेलं असे. आमच्या विहिरीचं पाणी जड, चुन्याचं. त्यात साबण फेसाळत नसे आणि तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाणा न् दाणा वेगळा, कवायतीला उभा राहिल्यासारखा. "हे पाणी रमेत गेलं की झालं वाटोळं," मामा सांगायचा. पाणी पावसाचं, आणि तेही हळूहळू. सकाळी एक पळी, संध्याकाळी एक पळी. घातलं की अलगद हलवायचं, झाकायचं आणि विसरून जायचं. "सोप्या, पाणी म्हंजे नवी सून हाय," तो मला म्हणायचा. "एकटी आली, उंबऱ्यावर थांबली, हळूच आत आली, तर घरातल्यांना पत्ता लागत न्हाई. समदी वरात एकदम घुसली की घर बिथरतं." शेवटी शेवटी तर तो पळी अर्धी करायचा. मग काही दिवस सगळं निवांत राहू द्यायचं, फलालीच्या कापडातून गाळायचं आणि बाटलीत भरायचं. परीक्षा एकच: पेला कंदिलापुढे धरायचा आणि पलीकडे वर्तमानपत्र. अक्षर लागलं तर पास.

आज या वयात, चार पुस्तकं चाळल्यावर, मामाच्या सुनेचा अर्थ मला कळतो. वर्षानुवर्षं लाकडात मुरलेल्या दारूत बारीक तेलकट द्रव्यं उतरलेली असतात. दारू कडक असते तोवर ती तिच्या अंगात विरघळून गुपचूप बसतात. पाणी वाढलं की त्यांना जागा पुरेनाशी होते, आणि ती धुक्यासारखी बाहेर येतात. पाणी भसकन ओतलं तर धुकं दाट. गारठा पडला तर आणखी दाट. पाण्यात चुना असेल तर तोही खाली बसताना हात धुऊन घेतो. मामाला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. त्याला फक्त सुना माहीत होत्या, आणि त्याही दुसऱ्यांच्या.

त्या हिवाळ्यात मामा पिंपरी स्टेशनवरून परत आला तो उड्या मारतच. त्याला तिथे त्याचे मेजरसाहेब भेटले होते. साहेबही लष्करातून बाहेर पडले होते आणि हमरस्त्याला पिंपरीच्या पुढे जो नवा कारखाना उभा राहत होता, तिथे मोठ्या जागेवर बसले होते. रविवारी संध्याकाळी ते जेवायला येणार होते. "आणि म्हणले, हवालदार, आपली ती रम हाय का अजून?" मामाचे डोळे पाणावले होते. मग तो माझ्याकडे वळला. मी मॅट्रिक होऊन घरात बसलो होतो. गावात नोकरी नव्हती, शेत वाट्याने लावलेलं, आणि मामाच्या ओळखीचा एक ट्रकवाला मला किन्नर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा पोऱ्या, म्हणून न्यायला तयार होता. महिनाभर ट्रकवर, रात्री टपावर, आणि उतारावर चाकाखाली दगड टाकायचा, हे माझं भविष्य जवळजवळ ठरलंच होतं. ट्रक सोमवारीच निघायचा होता. "आता साहेबाला पेला आवडला," मामा म्हणाला, "की मी फक्त एवढंच म्हणणार, साहेब, हा माझा भाचा. सोमवारी ट्रक हाय का कारखाना, त्या पेल्यात ठरंल." आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली. कशासाठी ठेवतेय हे तिनं देवाला स्पष्ट सांगितलं नसावं.

मामानं काम सुरू केलं. एका बरणीत कडक रम काढली, पळी पळी पाणी घालू लागला, आणि निम्म्यावर आलं असताना निगडीहून बोलावणं आलं. पलटणीतल्या जोडीदाराच्या मुलीचं लग्न, मांडव घालायला माणूस नाही. मामा जोडीदाराला नाही म्हणणारा नव्हता. जाताना त्यानं मला पिंपापुढे अटेन्शनमध्ये उभं केलं. "सकाळी एक पळी, सांजच्याला एक पळी. बरणीतलंच पाणी. घाई करायची न्हाई. काय करायची न्हाई?" "घाई," मी म्हणालो. "शाब्बास."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात सांगवीला कुस्त्या होत्या. आमच्या आळीतली पोरं सायकली घेऊन दोन दिवसांसाठी निघाली होती. तिथे कुणाच्या तरी मावशीकडे मुक्काम, रात्री शेकोटी, मटणाचा रस्सा. मी हिशोब केला. मामा एकेक पळी घालतो, पण शेवटी पाणी तर तेवढंच जातं ना? मग सकाळी एकदाच सगळं घातलं काय आणि आठवडाभर घातलं काय? मॅट्रिकला गणितात मी काठावर पास झालो होतो, हे इथे सांगायला हरकत नाही. पळी ठेवून दिली आणि पाण्याची बरणी उचलली. ती हलकी लागली. झाकण काढून बघतो तर बूड दिसत होतं.

"आई! मामाचं पाणी कुठं गेलं?"

"मी घेतलं की डाळीला," आई चुलीपुढून म्हणाली. "इहिरीच्या पाण्यात शिजती व्हय ती डाळ? तुझा मामा ते पाणी दारूत वततोय, आन् आमी दगडं चावतोय. लई मऊ झाल्ती बग परवा. तूच दोन वाट्या ज्यादा खाल्लीस."

खाल्ली होती. अंगणात सायकलच्या घंट्या वाजत होत्या. मी विहिरीवर गेलो, तांब्या भरला, आणि वरात एकदम घरात घुसवली.

रमेचा रंग जो चहाच्या कोऱ्या अर्कासारखा लालसर, झळाळता होता, तो माझ्या डोळ्यांदेखत ढगाळला. आधी एक धुरकट शेपटी खाली गेली, मग ती पसरली, मग सगळं मिळून तांदळाच्या धुवणात गूळ कालवल्यासारखं दिसू लागलं. मी कंदील लावला, पलीकडे वर्तमानपत्र धरलं. अक्षर सोडा, वर्तमानपत्रच लागेना. सायकली माझ्याशिवाय सांगवीला गेल्या.

आमच्या घरात गढूळ म्हटलं की एकच उपाय. पावसाळ्यात पवना नदीचं पाणी चहासारखं यायचं, तेव्हा आई घागरीत तुरटीचा खडा फिरवायची आणि सकाळपर्यंत पाणी आरसा व्हायचं. मी तुरटी फिरवली. पाण्यात विरघळणारी तुरटी रमेत रुसून बसली, आणि वर तिचीच पांढरी भुकटी त्यात तरंगायला लागली. मग मी निवळीचं बी सहाणेवर उगाळून घातलं. खेड्यात तेही पाण्याला लावतात. आता गढूळपणात चंदनासारखी एक छटा आली. मग गाळावं म्हटलं तर फलालीचं कापड मामानं ट्रंकेत कुलपात ठेवलेलं. खुंटीवर मामाची पायाला गुंडाळायची जुनी लष्करी लोकरीची पट्टी लटकत होती. तिची मी घडी घातली, आणि दोनदा गाळलं. भुकटी, चुना, निवळी सगळं पट्टीत अडकलं, हे खरं. पण ते तेलकट धुकं काही हलेना.

शेवटी रविवारी दुपारी ते बाटलीत भरून, वर कागद गुंडाळून मी युनूसभाईच्या गॅरेजात गेलो. हमरस्त्यावर बिघडणारा प्रत्येक ट्रक युनूसभाईच्या दारात येऊन मरायचा आणि बहुतेक उठायचा. मी म्हणालो, "युनूसभाई, मामाचं अरिष्ट आहे. गढूळ झालंय. काय करू?"

त्यानं बूच काढून वास घेतला आणि बाटली हातभर लांब धरली. "हे अरिष्ट आमच्या गॅरेजात नको राव. आणि मामाला म्हणावं, असलं अरिष्ट तुझ्यावर येवो, आमच्यावर नको." मग त्याला माझ्या चेहऱ्याची दया आली असावी. "थंडीत इंजिनचं तेल घट्ट होतं का नाही? मग आपण काय करतो? गरम करतो. गरम करून बघ. पण माझं नाव सांगू नको, भावा, मी हाजी माणसाचा पोरगा आहे."

मी घरी येऊन बाटली कढत पाण्याच्या पातेल्यात ठेवली. आणि काय सांगू! धुकं विरघळलं. हळूहळू तळापासून वर झळाळत गेलं, आणि बाटली पुन्हा तांबूस, स्वच्छ, देवघरातल्या निरांजनासारखी. कंदील, वर्तमानपत्र: बारीक जाहिरातीसुद्धा लागल्या. मी युनूसभाईला मनोमन साष्टांग घातला. त्या बिचाऱ्यानं इंजिनाचं खरंच सांगितलं होतं. फक्त इंजिन थंड झालं की तेल पुन्हा घट्ट होतं, एवढं आम्ही दोघंही विसरलो होतो.

रविवारी संध्याकाळी मेजरसाहेब आले. उंच, मिशीवाले, आवाज घागरीतून आल्यासारखा. मामा तासाभरापूर्वीच निगडीहून परतून इस्त्रीच्या खाकी कोटात शिरला होता. पडवीत कंदील टांगला होता, आतून डाळीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा चर्र आवाज आणि आईच्या बांगड्या. दोघांनी आधी आपापली परमिटं खिशातून काढून पाटावर शेजारी शेजारी ठेवली, जणू पत्त्यांचा डावच मांडला. मग मामानं मला खूण केली. मी बाटली पातेल्यातून काढून, पुसून, गरम गरमच आणली. मामानं पेला भरला.

साहेबांनी पेला कंदिलापुढे धरला. "वा, हवालदार! आजही तशीच. अशी स्वच्छ रम मी तुझ्यानंतर कुठे पाहिली नाही." मामाची छाती कोटाची बटणं मोजू लागली. "साहेब," तो म्हणाला, "हा माझा भाचा, सोपान. मॅट्रिक हाय."

"अस्सं. कितीव्यांदा?"

"दुसऱ्यांदा, साहेब."

"खरं बोलतो, चांगलं आहे. गणित कसं?"

"काठावर, साहेब."

साहेब हसले, आणि पेला हातात तसाच ठेवून मला विचारत राहिले. सायकल येते का, तब्येत कशी, वरच्याचं ऐकतो का. मी उत्तरं देत होतो, पण माझी नजर पेल्यावर होती. पडवीतून पवनेकडचा गार वारा येत होता. पेल्याच्या तळाशी एक केसाएवढी धुरकट रेघ उठली. "वरच्याचं ऐकतोस का?" साहेबांनी पुन्हा विचारलं. "ऐकतो, साहेब," मी म्हणालो, आणि रेघेची दोरी झाली. दोरीचा ढग झाला. साहेबांनी पेला ओठांशी नेला, थांबले, पुन्हा कंदिलापुढे धरला.

"हवालदार, हे काय?"

मामा पांढरा पडला. माझी सोमवारची चाकं मला ऐकू यायला लागली. मामानं टाचा जुळवल्या. "साहेब, माझी चूक. माझ्या हाताखाली झालं, माझी चूक." आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता, ती त्या पेल्यात ढगाळत होती, आणि तो ती स्वतःच्या अंगावर घेत होता. मला बोलायचं होतं, पण माझ्या आधी स्वयंपाकघराच्या दारामागून आवाज आला.

"साहेब, त्याच्यात भावाची चुकी न्हाई. त्याचं पावसाचं पाणी मी डाळीत घातलं. डाळ शिजंना म्हणून."

साहेबांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग रमेत काय घातलं?"

"विहिरीचं, साहेब."

"हळूहळू?"

"एकदम, साहेब."

त्यांनी एक घोट घेतला. त्यांचं तोंड लिंबू चावल्यासारखं आवळलं. "यात तुरटी आहे?"

"होय, साहेब. आणि निवळीचं बी. मग गाळलं."

"कशातून?"

मी मामाकडे बघितलं नाही. "मामाच्या पायाच्या पट्टीतून."

"कुठल्या पायाच्या?"

"डाव्या, साहेब. उजवी भोकाची होती."

मग साहेबांच्या घागरीतून जो हास्याचा लोट निघाला, त्यानं आळीतली कुत्री भुंकायला लागली. ते हसताहेत म्हणून मामाही हसला, पण त्याचं हसणं रडण्याच्या फार जवळ होतं. साहेबांनी तो पेला, मला सांगायला आजही अभिमान वाटतो, संपवला. मग जेवायला बसले. बरणीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात आईनं शिजवलेली डाळ तीनदा मागून घेतली. आई दारामागून "आणखी वाढ की रं" म्हणत राहिली, आणि मी वाढत राहिलो.

हात धुताना साहेब म्हणाले, "सोपान, आमच्या कारखान्यात काय बनतं, माहीत आहे?"

"औषध, साहेब. गावात तसं म्हणतात."

"औषधच, पण माणसाला पाजायचं नाही. फिनेल. संडास-मोरी धुवायचं. त्याची परीक्षा माहीत आहे? पाण्यात ओतलं की क्षणात दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. जरा जरी आरपार दिसलं की गिऱ्हाईक म्हणतं भेसळ आहे, आणि माल परत." त्यांनी माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला. "तुझ्यासारखा हात मी आख्ख्या पलटणीत पाहिला नाही. सोमवारी सकाळी ये."

सोमवारी ट्रक माझ्याशिवाय गेला. कारखान्याच्या दारात एका जाड फोरमननं माझ्या हातात काचेचा पेला आणि काळ्या फिनेलची बाटली दिली. "घाल बघू पाण्यात." मी घातलं. एका क्षणात पेला पांढराशुभ्र, पलीकडचं बोटसुद्धा दिसेना. फोरमननं पेला उंच धरला, चार जणांना बोलावून दाखवला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "वा रं पठ्ठ्या! कुणाकडं शिकलास?"

"घरीच," मी म्हणालो. "मामाकडं."

हे मामाच्या कानावर गेलं, आणि तो दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.